काढ्याचं पातेलं

बातमी कॉलेजच्या ऑफिसातल्या फोनवर आली. मी ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत बसले होते. "बाई, चोपड्याहून फोन आहे," असं शिपाई सांगत आला तेव्हाच कळलं. फोनवर रेखा होती, वहिनीची मुलगी. "आत्या, आई गेली... तू ये." परत येऊन उरलेल्या पुस्तकांवर शिक्के मारले, मग स्टँडवर गेले. रडू आलं नाही. बस तापीच्या पुलावरून जात होती तेव्हा एवढंच मनात आलं, की इतकी वर्षं ही बाई थकली कशी नाही.

इंदूवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ चोपड्याजवळच्या आमच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. लग्नानंतर दोन वर्षांनी रेखा झाली आणि मग पाळणा हलला नाही. सुरुवातीला कोणी बोललं नाही. रेखा शाळेत जायला लागली तशी आमची माय बोलायला लागली. आमच्याकडे एकदाच बाळंत झालेल्या बाईला काकवांझ म्हणतात. कावळी म्हणे जन्मात एकदाच विते. माय भाकरी थापता थापता, कोणाकडे न बघता म्हणायची, "कावळीनं एक, नि आमनी सूननं बी एक." वहिनी विस्तव पुढे ओढायची आणि तव्यावरची भाकरी उलटायची.

मायने यावलकडच्या एका वैद्याचा काढा सुरू केला. कसल्या तरी साली आणि मुळ्या असत. एक लहान जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं त्यासाठीच वेगळं काढलं होतं, ते खुंटीला टांगलेलं असायचं. सकाळी चहाच्याही आधी वहिनी त्यात काढा उकळायची आणि मायसमोर उभी राहून प्यायची. तिच्या तोंडात फोड यायचे, तिखट खाता यायचं नाही. उपासही होते. कुठल्या दर्ग्याचा धागा, कुठल्या देवीचा नारळ... माय सांगेल तिथे ती जायची. मी तेव्हा जळगावला कॉलेजात शिकत होते. सुट्टीत घरी आले की पुस्तकातलं काहीबाही सांगून मायशी भांडायचे. वहिनी मलाच गप्प करायची. "ताई, तुम्ही तुमचा अभ्यास करा. मला सवय झाली."

शेजारच्या गंगाक्काच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, ते आठवतं. ओटी भरायला एकेक बाई पुढे होत होती. वहिनी ताट घेऊन उठली तशी गंगाक्का सगळ्यांदेखत हसत म्हणाली, "मास्तरीणबाई, तुम्ही मांगे थांबा बरं. आमनी पोरले कावळानी सावली नको." बायका हसल्या. वहिनीही थोडी हसली. मग पुढच्या बाईला ओटी भरता यावी म्हणून तिने ते ताट तिच्यापुढे धरलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत तशीच धरून उभी राहिली.

त्याच वर्षी मायने भाऊचं दुसरं लग्न ठरवायला घेतलं. सरकारी नोकरीत दुसरी बायको चालत नाही, असं भाऊ एकदा म्हणाला. माय म्हणाली, "देऊळ मा हार घालसूत. सरकारले कोन सांगस?" त्यानंतर भाऊ बोललाच नाही. जेवायला बसायचा, उठायचा, वह्या तपासायचा. धुळ्याकडच्या एका खेड्यातली मुलगी होती. बाप नव्हता, आईने होकार दिला होता.

एका सकाळी वहिनी मायला म्हणाली, "धुळ्याला मावशीकडे जाऊन येते. ताईंना सोबत नेते." बसमध्ये ती खिडकीशी बसून राहिली. अमळनेर मागे पडलं, पुढे धुळ्याला गाडी बदलली. आम्ही मावशीकडे गेलोच नाही. विचारत विचारत त्या मुलीच्या घरी पोचलो. मुलगी ओसरीवर कापसातला पाला वेचत होती. सतरा-अठराची असेल. वहिनीने तिला पाणी आणायला आत पाठवलं आणि तिच्या आईला म्हणाली, "मी मास्तरनी बायको."

त्या बाईचा चेहरा उतरला. "भांडाले उन्यात का?"

"नही, माय. तुमनी पोर मना घर मा उनी तरी तठे पाळणा हालणार नही. दोष मना नही शे. मास्तरनं ऑपरेशन व्हयेल शे."

मला ते तेव्हा, तिथेच कळलं. आणीबाणीत मास्तरांना नसबंदीच्या केसेस आणायला सांगितलं होतं. केस आणा, नाही तर स्वतः व्हा. भाऊला कोणी मिळेना, त्याचा पगार अडकला. मग एक दिवस तालुक्याच्या कँपला जाणाऱ्या जीपमध्ये तो स्वतःच बसला. रेखा तेव्हा रांगत होती. आमच्या शाळेच्या भिंतीवर सुखी कुटुंबाचं चित्र होतं, आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. ते भाऊनेच रंगवून घेतलं होतं. पुढे ते सरकार गेलं, केसेस आणायला सांगणारे साहेब बदलून गेले. भिंतीवरचा मुलगाही उन्हापावसाने पुसट झाला. भाऊचं मात्र जे झालं होतं ते झालं होतं, आणि खच्ची केलेल्या बैलाला काय म्हणतात ते गावात शिकवावं लागत नाही. म्हणून त्याने घरात फक्त बायकोला सांगितलं होतं.

 मुलीची आई म्हणाली, "तू इतलं सोसस, नि तो माणूस तोंड उघडत नही?"  वहिनी मुलीने आणलेलं पाणी प्याली आणि तिला म्हणाली, "शाळा सोडी का? सोडू नको."

परतीच्या बसमध्ये मी चिडून विचारलं, "मग तो काढा कशाला पिता?"

"नाही प्याले तर का नाही पीत, म्हणून विचारतील."

"विचारू देत की!"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यांना शाळेत पोरांपुढे उभं राहायचं असतं, ताई. मला काय... चुलीपुढेच बसायचं."

पत्रिका जुळत नाही, असा निरोप मध्यस्थाकडून आला. मायने त्या मुलीच्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला. भाऊ ऐकत उभा होता. त्याने वहिनीकडे पाहिलं. हे कोणी मोडलं ते त्याला कळलं होतं. त्या संध्याकाळी वहिनीच्या हातातली कळशी घेऊन तो हौदावर गेला. आजवर त्याने कधी पाणी भरलं नव्हतं. गल्लीतल्या बायका ओरडल्या, "अय, मास्तर पाणी भरस!" तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत तो पाणी भरत राहिला. ती गोष्ट मात्र त्याने कधीच काढली नाही. सकाळचा काढाही चालूच राहिला. वहिनी पाळी जायच्या वयाला आली तेव्हा कुठे मायने तो थांबवला. नंतर माय गेली. गेल्या वर्षी भाऊ गेला. वहिनीने रेखाला सगळं सांगितलं ते त्यानंतर, आणि आता तीही गेली.

तेराव्यानंतर रेखा भांडी वेगळी करत होती, काही ठेवायची, काही देऊन टाकायची. गंगाक्का आमच्यासाठी भाकरी घेऊन आली होती, ती दाराशी टेकली. आता तीही वाकली आहे, एका डोळ्याने कमी दिसतं. रेखाने खुंटीवरचं पातेलं काढलं. "आत्या, ह्याचं काय करायचं गं?"

"काढाचं शे ते," गंगाक्काच म्हणाली. "लई पिनी बिचारी."

मी ठरवलं नव्हतं. पण त्या घरात ते एकदा तरी मोठ्याने बोललं जावं असं वाटलं. म्हटलं, "गंगाक्का, त्या काढ्याने काही होणार नव्हतं. भाऊचं ऑपरेशन झालेलं होतं."

गंगाक्काने हातातली फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "मालूम शे, बाई. बठ्ठासले मालूम व्हतं. एकच जीप व्हती ना ती. मना घरना बी त्या मा बसेल व्हता." तिला तेव्हा चार मुलं होती, त्यामुळे तिच्या नवऱ्याचं कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

"आणि मायला?"

"तुमनी मायले कोन सांगीन? एकनं तोंड उघडं का बठ्ठा माणसे उघडा पडतीन."

रेखा माझ्याकडे बघत राहिली. मला ओटीचं ते ताट आठवलं. ते गंगाक्काला आठवत होतं की नाही, मी विचारलं नाही. मला वाटलं होतं, वहिनी एका माणसाची अब्रू सांभाळते आहे. तिने अख्ख्या गल्लीची सांभाळली होती आणि गल्लीला ते माहीत होतं.

"दे इकडे," गंगाक्का म्हणाली. रेखाच्या हातातून पातेलं घेऊन ती मागच्या मोरीशी गेली. चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि उकिडवी बसून घासायला लागली. रेखा म्हणाली, "राहू द्या, आजी, ते निघायचं नाही." तिने ऐकलं नाही. आम्ही बाकीची भांडी आवरली, जेवलो, माझी बॅग भरून झाली, तरी मागून घासल्याचा आवाज येत होता.

हे लिही, असं रेखाच म्हणाली. ते पातेलं मी जळगावला आणलं आहे. बाहेरून चकचकीत झालंय. आतला तळ अजून काळा आहे. सकाळी मी त्यात दूध तापवते.