चिठ्ठीत निघालं ‘एकटा’

दर बुधवारी यवतमाळहून राळेगावला निघाले की एसटीत बसल्या बसल्या माझा पाय हलायला लागायचा. एकदा शेजारच्या बाईने गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला. समुपदेशक म्हणून लोकांना शांत करायचं काम माझं, आणि माझाच जीव थाऱ्यावर नसायचा.

काम असं होतं. सट्ट्याच्या, मोबाईलवरच्या रमीच्या नादी लागलेल्यांचा नाद कोणत्या प्रकारच्या बोलण्याने सुटतो, ते तपासायचं. काहींशी एकटं बसवून बोलायचं, काहींशी बायकोला सोबत बसवून. कोण कुठे, हे आम्ही निवडायचं नाही, तरच तुलना खरी. इथवर पटण्यासारखं होतं. पण आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढायचं ठरवलं. सरपंचाच्या आरक्षणापासून इकडे सगळं चिठ्ठीवर चालतं, म्हणजे वशिल्याचा संशय नको. जुगाऱ्यांपुढे सोडत काढायची, हे सुचायलाही अक्कल लागते. मी तसं बोलून दाखवलं. साहेब हसले.

चिठ्ठ्यांचा डबा आला तशी खोलीतली मरगळ उडाली. एरवी मान खाली घालून बसणारी माणसं पुढे सरकली, कुणी हात चोळायला लागलं. जिनिंगमध्ये काट्यावर कापूस तोलणारा एक जण तेवढा भिंतीला टेकून होता. त्याची बायको त्याच्या नादाला कंटाळून मुकुटबनला माहेरी राहत होती. “मले संग बसवान तं घरी वापस येईन. नुसत्या त्यायच्या शब्दावर आता येत नाही,” असं तिने मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे त्याची चिठ्ठी उघडताना ‘बायकोसोबत’ निघू दे, असं मी मनात म्हणत होते.

निघालं ‘एकटा’.

त्याचा चेहरा आधी उजळला आणि लगेच उतरला. मला कळेना. “म्याडम, एक डाव अजून काढा ना,” तो म्हणाला. नियम म्हणून मी नाही म्हटलं, आणि परतीच्या गाडीत त्या नियमाला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

तो मात्र येत राहिला. खेळायची सुरसुरी आली की आधी मनात काय येतं, ते पकडायचं, असा आमचा अभ्यास. तो पकडायचा, निसटायचं, पुन्हा पकडायचा. मोबाईल त्याने साधा घेतला. तरी ट्रकच्या नंबरप्लेटवर त्याला लावायचा आकडाच दिसायचा, आणि ते सांगताना तो हसायचा. मला हसू यायचं नाही. काहीतरी गिळून बसलाय, असं सारखं वाटायचं, आणि ते काढता येत नाही म्हणून मी चिडचिडी झाले होते.

बैठका संपत आल्या तेव्हा एका बुधवारी त्याची बायको न सांगता आली. आत घेता येत नव्हतं, म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. बैठक आटोपून आम्ही दोघं बाहेर आलो. तिला पाहून तो थबकला आणि उभ्यानेच बोलला.

“त्या दिवशी चिठ्ठ्या निघाच्या आधी टपरीवर आमी पैजा लावल्या होत्या. म्या ‘एकटा’वर लावली होती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“म्हंजे मी येऊ नये म्हून?” तिने विचारलं.

“तसं नोतं. ‘एकटा’च निघन, असं आतून वाटून राह्यलं होतं. जिंकलो. अन् मंग डोयापुढं तू दिसली.”

तिने पिशवी उचलली. ही आता सरळ बसस्टँड गाठणार, असं मला वाटलं. पण ती माझ्याकडे वळली.

“हे तुमी त्यायले सांगाले लावलं का, म्याडम?”

“नाही. मलाही आत्ताच कळलं.”

तिने पिशवी पुन्हा बाकावर ठेवली.

“लग्न झाल्यापासून,” ती त्याला म्हणाली, “मी न इचारता तुमी पह्यल्यांदा कायी सांगून राह्यले.” मग मला म्हणाली, “पुढच्या बुधवारी येईन. मले आत नोका घेऊ. मी बाहेरच बसीन.”