दीड मिनिटात गाणं संपवणारा खाजा

धुळ्यात अशी बोलवा होती, की खाजाला बेंजो वाजवताना शॉक लागला आणि तेव्हापासून त्याची बोटं थांबायलाच तयार नाहीत. साफ खोटं! शॉक लागला होता ताशावाल्या रतिलालला, आणि तो उलट दोन दिवस मंद वाजवत होता.

खरं कारण लाईटचं. तालमीला जागा हाशमचाचाच्या ट्रकच्या गॅरेजात, तीही संध्याकाळी काम थांबल्यावर. आणि लाईट जायची नेमकी तेव्हाच. हाती लागायची जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्यात सात गाणी बसवायची, म्हणून खाजाने प्रत्येक गाणं दीड मिनिटावर आणलं. चाल मात्र अशी गोड ठेवली, की पाना पिळणारा मेकॅनिकही गुणगुणायचा. भोंग्याचा पडदा फाटका, त्यामुळे सुराला खरखर. खाली रतिलालचं ढुप्पाक-तड, ढुप्पाक-तड आणि वर खाजाचं टिणटिणटिण-टाण्ण!

"खाजा, रेल्वे पकडनी है क्या?" चाचा ओरडायचा.

"लाईट पकडनी है, चाचा!"

एक्क्याण्णव साली पहिली मोठी सुपारी आली, अमळनेरजवळच्या लग्नाची. चाचाने बजावलं, "ये बिगडा तो बेंजो बेच डाल, और पाना पकड." नवरीचे वडील अभिमनआबा त्याहून कडक. थोरलीच्या लग्नात पोरं वरातीपुढे नाचत बसली आणि मुहूर्ताची टाळी लागायला, म्हणजे लग्न लागायला, दोन तास उशीर झाला होता.

"खाजा, टाळी येळवर लागाले पाह्यजे. नही ते तुना बेंजो इहीरमा!" आबांनी विहिरीकडे बोट दाखवलं.

इतकं जलद वाजवलं तर पोरं पेटतील आणि वरात पारावरच रुतेल, असं मी, गॅरेजातल्या सगळ्यांच्या नकला करणारा त्याचा दोस्त, पैजेवर सांगितलं. खाजाने हात पुढे केला. "लगी!"

वरात निघाली. पोरं पेटली, एक तर नागीण होऊन धुळीत लोळायला लागला. तो लोळतोय तोवर गाणं संपलंही!

"ओ भाऊ, ह्येच परत!"

खाजाने भोंग्याची हातगाडी वीस पावलं पुढे ढकलायला लावली. "अगला गाना यहाँ बजेगा, आ जाओ!"

नाचायचं तर पळणं आलं. नागीण धूळ झटकत पळाली. दीड मिनिट गाणं, वीस पावलं. दीड मिनिट गाणं, वीस पावलं. नवरदेवाचा घोडा दुडक्या चालीवर आला, मागच्या बायका "अरे, दम खा रे बाप्पा" म्हणत पदर खोचून निघाल्या. वरात मांडवात पोचली तेव्हा भटजींच्या हातात अजून चहाची बशी होती. आबांनी घड्याळ काढून कानाला लावलं, चालू आहे ना ते बघायला. मग म्हणाले, "खाजा, धाकलीना लगीनमा बी तूच येजो."

आणि मी हरलो. अट अशी होती, की महिनाभर गॅरेजात कुणाचीही नक्कल करायची नाही. दुसऱ्याच दिवशी हाशमचाचा तीन मजली शिंक शिंकला. अख्खं गॅरेज माझ्याकडे बघायला लागलं, आणि मी ओठ दाताखाली धरून ट्रकची चाकं मोजत बसलो.