खिडकीपाशी नेलेलं कार्ड

शंका आली की माल थांबवते, म्हणून आमच्या थोरल्या सूनबाईला कारखान्यात सगळे पाठीमागे ‘थांबाबाई’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. चिपच्या या कारखान्यात ती माल रवाना करणाऱ्या खोलीत खोकी मोजायला लागली आणि चढत चढत सगळ्या कामकाजाची प्रमुख झाली. घरी मात्र स्वतःचा चष्मा कुठे ठेवला, हे अजून दिराला विचारते. दीर, म्हणजे माझा धाकटा, ही गोष्ट घडली तेव्हा त्याच कारखान्यात तपासणीला होता.

चिपला ओल चालत नाही. अंगात दमट हवा मुरलेली चिप गिऱ्हाइकाकडे तापवून जोडली, की आतल्या आत तडकते. वरून काही दिसत नाही. म्हणून माल सुकवून पिशवीत सीलबंद करतात आणि आत ठिपक्याचं एक कार्ड ठेवतात. ठिपका निळा तर कोरडं, गुलाबी तर ओलं.

त्या दुपारी मोटारींच्या ब्रेकसाठीच्या चिपा जायच्या होत्या. ट्रक फाटकात उभा होता. पॅकिंगच्या मामांनी नमुन्याची पिशवी फोडली आणि कार्ड घेऊन ते तिच्याकडे आले. ठिपका धड निळा नाही, धड गुलाबी नाही.

“निळाच आहे,” विक्रीप्रमुख म्हणाले.

“तुमच्या शर्टाइतका?”

“माझा शर्ट जांभळा आहे.”

“तेच म्हणतेय मी.”

तिने कार्ड खिडकीपाशी नेलं. ट्यूबलाइटखाली निळसर वाटणारा ठिपका उजेडात गुलाबीकडे झुकला. आणखी दोन पिशव्या फोडल्या. तेच.

गिऱ्हाइकाला तिने स्वतः फोन केला. माल पुन्हा भट्टीत सुकवावा लागेल, उद्या संध्याकाळी निघेल.

“सकाळीच आमचं काम बंद पडेल,” पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला. “मग पुढची ऑर्डर धरू नका.”

ती ऑर्डर गेली तर तपासणीची दुसरी पाळी बंद होणार होती. दीर त्याच पाळीत. बातमी कळताच तो दारात येऊन उभा राहिला.

“वहिनी, पुसटसा तर आहे. जाऊ द्या ना.”

“भाऊजी, कुणाचा ब्रेक लागला नाही तर?”

“ती झाली जर-तरची गोष्ट. माझं काय ते आत्ताच ठरतंय.”

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि फाटकावर फोन लावला. “ट्रक परत पाठवा.”

ऑर्डर गेली, पाळीही गेली. सुकवलेल्या मालातली एकही चिप तडकली नाही. तसाच पाठवला असता तर तडकली असती का, हे आता कोण सांगणार? दिराने तेच मनात धरलं. जेवताना मला म्हणायचा, “बाबा, वहिनींना मीठ द्यायला सांगा.” ती बरणी सरकवायची.

काही महिन्यांनी त्याला दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगची देखरेख मिळाली. एके दिवशी ताटावर बसल्या बसल्या तो म्हणाला, “वहिनी, कार्ड बघायचं टेबल मी खिडकीपाशी घ्यायला लावलं.”

“मग?”

“मग काय, तिथे मी थांबाभाऊ झालो. मीठ द्या जरा.”