प्लास्टिकमधले पट्टे

"दोन्ही फुप्फुसांत समुद्राचं पाणी गेलंय. अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया," परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे जे पोटात जायचं ते श्वासनलिकेत गेलं, आणि फुप्फुसाला सूज आली. "बरा होईल ना?" मी विचारलं. "चार दिवस मी काहीच सांगू शकत नाही." अहो, इतकं तोंडावर कुणी सांगतं का! आज वाटतं, बरं झालं खोटा धीर दिला नाही.

महेश, माझा नवरा. राहतो लालबागला, जीव सगळा समुद्रात. ऑफिस सुटलं की शिडाच्या बोटींच्या क्लबात. गोव्याच्या शर्यतीत वादळाने त्यांची बोट आडवी केली. महेश आणि त्याचा जिवलग मित्र अनंत पाण्यात फेकले गेले. मच्छीमारांनी महेशला बाहेर काढलं. अनंत मिळालाच नाही.

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मी ते चार दिवस काढले. पाचव्या दिवशी ऑक्सिजन थोडा कमी केला, सातव्या दिवशी वॉर्डात आणलं.

तिथे स्पायरोमीटर मिळाला. त्याच्या नळीतून श्वास ओढायचा आणि आतले तीन गोळे वर उचलायचे. फुप्फुसांचा व्यायाम. नवी कोरी वस्तू, म्हणून मी ती प्लास्टिकसकट खणात ठेवली. आमच्याकडे टीव्हीचा रिमोटसुद्धा प्लास्टिकमध्येच असतो!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी खण उघडला. "ताई, हे इथे ठेवून त्यांची फुप्फुसं फुगणार आहेत का?"

मी ओशाळले. पण महेश हुंदके द्यायला लागला. मास्क बाजूला करून म्हणाला, "सुमे, पट्टे पण मी असेच ठेवले होते गं."

बोटीवर सेफ्टी पट्टे असतात. एक टोक अंगाला, दुसरं बोटीला. माणूस फेकला गेला तरी बोटीपासून तुटत नाही. शर्यतीसाठी नवे पट्टे आले होते आणि सामान महेशच्या ताब्यात होतं. खाऱ्या पाण्याने खराब होतील, वारा वाढला की काढू, म्हणून त्याने ते प्लास्टिकसकट खालच्या कप्प्यात ठेवले. वादळाने काढायला वेळच दिला नाही.

माझं डोकं फिरलं होतं. पण ओरडणार कुठल्या तोंडाने? खणातलं प्लास्टिक माझंच होतं.

क्लबातले लोक भेटायला आले. "निसर्गापुढे कुणाचं चालतं?" म्हणाले. महेशने नुसती मान हलवली असती तर विषय तिथेच मिटला असता. खोटं कशाला बोलू, त्याने मान हलवावी असं मलाही वाटत होतं. पण तो म्हणाला, "बैठक बोलवा, मला काही सांगायचंय."

घरी आल्यावर आठवड्याने क्लबात बैठक झाली. धाप लागत होती, जिन्यात दोनदा थांबला, पण गेला. समोर अनंतची बायको शुभदा बसली होती. तिच्याकडे बघून त्याने सगळं सांगितलं. शुभदा उठून गेली. माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता, आणि इतकी भीतीही.

त्या दिवसापासून क्लबाचे नियम बदलले. अंगावर पट्टा नसेल तर बोट धक्का सोडत नाही. प्रत्येकाच्या जॅकेटला ठावठिकाणा कळवणारं यंत्र. वादळाचा इशारा आला की शर्यत रद्द, मग कुणी कितीही नाक मुरडो. दुसऱ्या क्लबांनीही हे नियम मागून नेले. महेश तिथे जाऊन स्वतःची चूक सांगतो, दर वेळी अनंतचं नाव घेऊन.

तुमच्या घरी असं आजारपण आलं तर ते तीन गोळे रोज उचलायला लावा. पेशंट कंटाळेल, चिडेल, खुशाल शिव्या खा. महेशचा तिसरा गोळा वर जायला तीन महिने लागले.

आठ महिन्यांनी मॅडमनी समुद्रावर जायची परवानगी दिली. सकाळी धक्क्यावर गेलो तर शुभदा उभी. ती एकेकाजवळ गेली आणि प्रत्येकाचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. महेशचा तर असा ओढला की तो धडपडलाच.

"घट्ट आहे," ती म्हणाली. "जा भावोजी. अन् संध्याकाळी घरी या."