वच्छलाने उघडलेली मशीन

वच्छला तोंडात टाचण्या धरून बोलायची. त्यामुळे तिने काय टोमणा मारला, हे समोरच्याला घरी गेल्यावर कळायचं. जऊळक्याला माझे यजमान सहायक स्टेशनमास्तर होते, आणि आमच्या क्वार्टरमागच्या वस्तीत तिचं घर होतं. अर्ध्या गावाची पोलकी तिच्या पायमशीनवर शिवली जात.

तिचा नवरा देवमन चार एकरांचा शेतकरी. माणूस गरीब, पण एका बाबतीत पक्का. ज्याला स्क्रू आहे ते पुरुषाचं, मग ती सायकल असो की शिवणमशीन. त्यामुळे मशीन चालवायची वच्छलाने आणि तिला तेल पाजायचं देवमनने, अशी त्या घरात वाटणी होती. दर रविवारी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो कुपी घेऊन बसे आणि दिसेल त्या भोकात तेल सोडी. वच्छलाने मध्ये बोट घातलं तर म्हणे, बाईच्या हातानं यंत्र रुसते.

एप्रिलात मशीन जड चालू लागली आणि मे महिन्यात पार अडकली. बुद्धपौर्णिमा तोंडावर आलेली, वस्तीतल्या अकरा जणींची पांढरी पोलकी कापून पडलेली. देवमनने निदान केलं की वच्छलाचा पाय जड आहे. त्याची थोरली बहीण भागिरथा कामरगावला असे आणि तिचा या मशीनवर फार दिवसांपासून डोळा होता. बंद पडलेली वस्तू घरात कशाला ठेवायची, असं म्हणून तो शुक्रवारी कामरगावला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या नवऱ्याला, पुंजाजीला, घेऊन यायचं आणि मशीन एस.टी.च्या टपावर चढवून द्यायची, असं ठरवूनच गेला.

माझ्या रोजनिशीत ८ मे १९७६, शनिवार, या पानावर पहिलीच नोंद आहे: ‘वच्छला सकाळी साडेसातला आली. पेचकस व पावशेर रॉकेल नेले. साहेबांना सांगू नका म्हणाली.’

मी सांगितलं नाही, पण तिच्या मागोमाग गेले. माझा तिच्या हातावर विश्वास होता, आठवणीवर नव्हता. कुठला स्क्रू कुठून निघाला हे मी आकडे घालून लिहीत बसले. वच्छलाने माझ्या आकड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. तिने जमिनीवर धोतराचं फडकं अंथरलं आणि निघेल तो तुकडा मशीनमध्ये ज्या जागी होता त्याच जागी फडक्यावर मांडत गेली. तासाभरात मशीन फडक्यावर आडवी झोपल्यासारखी दिसू लागली.

आत काय होतं म्हणता? पिवळा, चिकट, काचेसारखा वाळलेला थर. दांड्यांवर, दात्यांवर, शटलच्या खोबणीत. वच्छलाने नखाने खरवडून नाकाशी नेला.

“बाई, हे तं आमच्या वावरातल्या जवसाचं तेल हाय.”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये चित्रकलेच्या सिस्टर रंगात जवसाचं तेल मिसळायला लावत, रंग वाळून घट्ट बसावा म्हणून. देवमनने दोन वर्षं दर रविवारी मशीनला आतून रंगाचा हात दिला होता. घरच्या घाण्याचं शुद्ध तेल, प्रेमाने. मी हे सांगितलं तेव्हा वच्छला इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

रॉकेलने एकेक तुकडा पुसून, माझ्या घरचं मशीनचं तेल घालून, दोन वाजता तिने सगळं जोडलं. एक स्क्रू उरला. माझ्या यादीत तो सतरावा होता, म्हणून जागा सापडली. याबद्दल तिने माझे आभार मानले नाहीत. मशीन मात्र अशी पळू लागली की तिने पहिलं पोलकं अर्ध्या तासात शिवलं.

तेवढ्यात देवमन आणि पुंजाजी दारात उभे. आवाज ऐकून देवमनची छाती फुगली. पाह्य, म्हणाला, तेल मुरलं. वच्छलाने टाचण्या तोंडात धरल्या. पुंजाजीने बसून स्वतः पाय मारून पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. बंद मशीन घ्यायला आला होता, चालती मिळत होती. भागिरथा खूश होईल म्हणाला आणि बांधायला दोर मागितला. शब्द दिला होता, देवमन मागे सरेना.

पाहुण्यांना मशीन मळकी द्यायची कशी, म्हणून वच्छला फडकं घेऊन वाकली. पुसलं, फुंकर मारली आणि पदर सावरत उठली. मी कोपऱ्यात होते. वरच्या दोऱ्यात खालचा दोरा गुंफणारा, शटल नावाचा चंद्रकोरीसारखा तुकडा फडक्यात गेलेला मला दिसला.

“भाऊजी, नेण्याच्या आधी एकडाव शिवून पाहा. मंग म्हनसान, खराब देली.”

पुंजाजीने पाय मारला. सुई नाचत होती, पण एक टाका धरेल तर शपथ. त्याने दोरा बदलला, कापड बदललं. देवमनने तेल घातलं. शेवटी पुंजाजी माझ्याकडे वळला. बाई, तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा.

“टाका पडत नाही, हे तर दिसतंच आहे,” मी म्हणाले. अक्षरशः खरं होतं.

अशी खोड्याळ वस्तू टपावरून नेऊन काय करायची, असं म्हणत पुंजाजी चहा पिऊन साडेचारच्या गाडीने एकटाच गेला. देवमन मशीनसमोर खट्टू होऊन बसला. वच्छला आली, खाली वाकली, उठली आणि पोलक्याची दुसरी बाही सरळ रेषेत शिवत गेली.

देवमन सुईकडे पाहत राहिला.

“भाऊजीच्या समोर थांबली. अन् आता कशी चालून राह्यली?”

वच्छलाने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

“पाहुण्याले लाजली असन.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कपात पाहत होते. तो उठला आणि मशीन इथंच राहील, कामरगावला काय कळवायचं ते तूच सांग, असं बायकोला म्हणाला.