भैरूच्या हातातली पिशवी

विश्राम,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. चैत्रात चांदे गावच्या जत्रेला भैरोबाच्या देवळाचं दार उघडलं, तेव्हा ते किंचाळलं. कुरकुरलं नाही, किंचाळलं. कडेवरची पोरं दचकून रडायला लागली. "नुसतं वाजलं म्हणू नकोस, कसं वाजलं ते सांग," असं तूच म्हणायचास, म्हणून सांगितलं. तालमीत प्रत्येक नटाला तू छळलंस, "तू काय केलं असतंस?" आता तोच प्रश्न तुला विचारायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि माझं तू ऐकत नाहीस. तेव्हा तुझी गोष्ट मी इतरांनाच सांगते. त्यात मी नलिनी म्हणून येईन, तू विश्राम म्हणून. तुझ्या नाटकात असायचं तसंच, कुणालाही सूट नाही.

तर विश्राम चांदे गावचा. घरची भातखाचरं. पुण्याला कॉलेजात आला तेव्हा 'हाय' आणि 'न्हाई' म्हणायचा, आणि कुणी हसलं की आणखी मोठ्यानं म्हणायचा. नलिनी त्याच्याच वर्गात. तिची त्याच्याशी मैत्री झाली ती या हट्टापायीच. पुढं ती इतिहास शिकवायला लागली, तो पाटबंधारे खात्यात कारकून झाला. दिवसा कालव्यांच्या फायली, संध्याकाळी तालीम. नलिनी त्याची प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून तिनं त्याचं प्रत्येक वाक्य नटांच्या आधी म्हटलेलं आहे.

त्याच्या ऐतिहासिक नाटकांत राजे नसत. असलेच तर पडद्यामागून, आवाजापुरते. समोर असायचा तो वरून हुकूम आल्यावर कागदावर खोटी तारीख घालावी की नाही या पेचात सापडलेला कारकून, नाहीतर शत्रूच्या जखमी पोराला चोरून पाणी पाजणारी गडावरची दाई. "मोठा चुकला की धोरण, लहान चुकला की फितुरी," असं तो म्हणायचा. जरा जास्तच वेळा म्हणायचा.

त्याचं सगळ्यात गाजलेलं नाटक 'कोयंडा'. लहानसा गड, बाहेर वेढा, पाण्याची टाकी आटलेली, आत पोरं मरायला लागलेली. लहान दरवाजावरचा पहारेकरी भैरू रात्री कोयंडा काढतो. गड जातो, माणसं वाचतात. हा भैरू विश्रामनं हवेतून आणलेला नव्हता. चांद्यात तुळजाबाईंचं घर आहे, गाव त्यांना 'दाराचे' म्हणतो. त्यांच्या कुणा पूर्वजानं गडाचं दार उघडून गावची माणसं जिवंत बाहेर काढली, म्हणून भैरोबाच्या दाराचा मान त्यांच्याकडे. जत्रेच्या आदल्या दिवशी घरातल्या बाईनं बिजागऱ्यांना करंजाचं तेल घालायचं, पहाटे घरातल्या पुरुषानं दार उघडायचं. दार मुकाट उघडलं पाहिजे. वाजलं तर वर्ष जड जातं, असं गाव मानतो.

नाटक लिहून झाल्यावर विश्राम नलिनीला घेऊन पहिल्यांदा गेला तो तुळजाबाईंच्या अंगणात. तेव्हा त्याला विचारायची बुद्धी होती. बाईंनी शेंगा फोडत फोडत सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "खरं लिवलंस, इसराम. पर माझ्या भैरूला लई बोलायला लावलंस. तो इतकं बोलत बसला असता तर कडी काढायची ऱ्हाऊनच गेली असती."

विश्राम ही गोष्ट सगळ्यांना हसून सांगायचा. भाषण मात्र त्यानं एका ओळीनंही कमी केलं नाही.

नाटक वर्षानुवर्षं चाललं. पडदा पडल्यावर लोक टाळ्या विसरायचे. मग विश्राम निवृत्त झाला, भूगावला फ्लॅटमध्ये आला, नाटकं कमी झाली, आणि दोन वर्षांपूर्वी हिंजवडीच्या एका ऑफिसातून बोलावणं आलं. मालिका करायची होती. निर्माता निरंजन, वयानं त्याच्या नातवासारखा, वागायला अदबशीर.

"सर, भैरू सुपर आहे. फक्त त्याचा मोटिव्ह क्लिअर नाहीये."

"पाणी नाही. मुलं मरताहेत. आणखी काय क्लिअर हवं?"

"मग तो हीरो होतो ना सर. गड पडल्यावर प्रेक्षकानं चिडायचं कुणावर?"

विश्राम तिथून उठून आला. पुन्हा गेला. पुन्हा उठून आला. शेवटी लिहून दिलं. पटकथेत आता शत्रूचा माणूस अंधारात भैरूच्या हातात मोहरांची पिशवी ठेवतो.

"चार सेकंद, नलिनी," तो म्हणाला. "हातात पिशवी दिसते, एवढंच. बाकी सगळं माझंच आहे. आयुष्यभरात 'कोयंडा' जेवढ्यांनी पाहिलं नाही, तेवढे एका दिवसात बघतील."

"पिशवीच बघतील."

"तुला नेहमी वाईटच दिसतं."

"मी प्रॉम्प्टर आहे बाबा. पुढचं वाक्य मला आधी दिसतं."

तो चिडला. पण झालं तसंच. भाग दाखवला गेला आणि ते चार सेकंद मोबाइलवरून गावभर फिरले. तुळजाबाईंचा मुलगा नथू, त्यानं घराच्या मागं खोल्या बांधून कंपनीवाल्यांना भाड्यानं दिल्यात. भाडेकरूचं पोर त्याला विचारतं, "अंकल, थैली में कितना था?" हे पोर झालं, त्याला काय बोलणार? पण देवळातल्या बैठकीत गावातलाच ऋषिकेश, तरुण मंडळाचा पुढारी, उठून म्हणाला, "फितुराच्या घरचा हात देवाच्या दाराला कशाला?"

"आरं, पर मान आपल्या आज्या-पणज्यांनी दिलाय," एक म्हातारा म्हणाला.

"आज्याकडं टीव्ही न्हवता."

लोक हसले. नथू हसला नाही. तो म्हणाला, "ज्यानं लिवलं त्यानं हितं येऊन सांगावं, खरं काय आन खोटं काय. मग ठरवा." गावानं ते मान्य केलं. जत्रेच्या आधीच्या रविवारी पुन्हा बैठक. विश्राम येऊन बोलला तर मान राहील, नाहीतर दाराची किल्ली तरुण मंडळाकडे.

तुळजाबाईंनी नलिनीला बोलावून घेतलं. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण नजर तीच. त्यांनी कोनाड्यातली पितळी बुधली काढली, दाराच्या तेलाची, आणि नलिनीच्या हातात दिली.

"ही इसरामला दे, बाई. बैठकीत बोलला की त्यानंच बिजागऱ्यांना तेल घालायचं. माझं गुडघं आता पायऱ्या चढत न्हाईत. आन त्याला सांग, लई बोलायचं न्हाई. 'पिशवी म्या घातली.' बास."

निरोप ऐकून विश्रामच्या डोळ्यांत पाणी आलं. "येतो का म्हणून काय विचारतेस? येणारच!" आणि तो लिहायला बसला. नलिनीला तेव्हाच धास्ती वाटली होती.

शनिवारी त्यानं वाचून दाखवलं. नऊ पानं. इतिहास म्हणजे काय, लेखकाचं स्वातंत्र्य, काळाचा रेटा, प्रेक्षकाची भूक. वाचताना आवाज छान लागला होता. सवयच ती.

"पिशवी कुठं आहे?" नलिनीनं विचारलं.

"सातव्या पानावर. 'त्या क्षणी लेखणीनं जे केलं…'"

"लेखणीनं नाही. तू."

"लोकांना तिथवर न्यावं लागतं गं."

"लोक तिथंच राहतात, विश्राम. तिथवर न्यायचंय ते तुला."

रविवारी तिनं गाडी काढली. बुधली त्याच्या मांडीवर दिली. त्यानं ती पुढं काचेपाशी ठेवली आणि कागद उघडले. सूस गाव ओलांडल्यावर गाड्यांची रांग लागली. रविवार, फ्लॅट बघायला निघालेली माणसं, मधेच सिमेंटचा मिक्सर. विश्राम पेन काढून खोडत होता. नांदे गावापाशी म्हणाला, "बाजूला घे."

"काय झालं?"

"शेवट खोटा वाटतोय. तिसरं पान पूर्ण काढायला हवं. मला तासभर दे."

"बैठक आत्ता आहे."

"अर्धवट घेऊन मी तिथं उभा राहू शकत नाही. तुळजावहिनी समोर असणार."

त्यानं एक ओळ खोडली आणि खाली तीच पुन्हा लिहिली. नलिनीचा राग जरा उतरला.

"पानं राहू दे. मी विंगेतून सांगते, तू मागून म्हण," ती म्हणाली. "पिशवी मी घातली."

तो हसला. म्हणून बघावं असं त्यालाही वाटलं असावं. "पिशवी…" तो म्हणाला आणि थांबला. "पिशवी…" मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. विश्रामनं दार उघडलं, खाली उतरला, पलीकडे जाऊन रिक्षाला हात केला. नऊ पानं घेऊन गेला. बुधली राहिली.

नलिनी एकटीच बैठकीला गेली आणि तिनं सगळं सांगितलं. पिशवी पटकथेत कशी आली, आधी नाटकात काय होतं. ऋषिकेशनं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमी लिवलंय का ते?"

"नाही."

"मग बसा."

किल्ली मंडळाकडे गेली. तुळजाबाई देवळाच्या पायऱ्यांखालीच बसून होत्या. नलिनी बाहेर आली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आजारी हाय का तो?" नलिनीनं नाही म्हटलं. हो म्हणाली असती तर बाईंना बरं वाटलं असतं, पण ती खोटं बोलली नाही.

जत्रेला मंडळातल्या कुणीतरी बिजागऱ्यांवर गाड्यांना मारतात तो स्प्रे मारला होता. दार कसं वाजलं ते वर आलंच आहे. नथू गर्दीत मागं उभा होता. ढकलायला हात पुढं करावा तसा त्याचा हात आपसूक उचलला गेला, मग त्यानं तो खिशात घातला. वर्ष जड जाणार, असं कुणीतरी पुटपुटलं. ते पुन्हा 'दाराच्या' घराच्याच माथी मारणार, हे सांगायला नको.

त्यानंतर नलिनी भूगावला दोनदा गेली. खाली वॉचमननं अडवलं. "सर लिहितायत. कुणाला सोडू नका म्हणालेत." काय लिहितायत, तर नवं नाटक. एका पिशवीवर.

तुळजाबाई अधूनमधून नथूकरवी फोन लावून विचारतात, "दिलीस का गं त्याला?" पुढच्या चैत्रापर्यंत एकदा तरी त्यानं यावं, बोललं नाही तरी चालेल, नुसतं तेल घालावं, इथवर त्या खाली आल्यात. बुधलीचं झाकण घट्ट बसत नाही. नलिनीच्या गाडीत पुढच्या काचेखाली तेलाचा डाग पसरलाय, गाडीभर करंजाचा उग्र वास आहे, आणि बुधली अजून तिथंच आहे.