करदोड्याची किल्ली

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात वामनराव गावंड्यांनी एकतीस वर्षं बुकिंग क्लार्क म्हणून काढली. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही ट्रक अपुऱ्या कागदांवर फाटकाबाहेर गेला नाही. ड्रायव्हर हातापाया पडत, तंबाखू-सुपारीचा खर्रा पुढे करत, मागे वळून शिव्याही घालत. वामनराव चष्म्यावरून बघत एवढंच म्हणत, "कागद पुरा नाही, त गाडी हलणार नाही." गोदामात हे वाक्य शोभून दिसायचं. निवृत्त झाल्यावर ते घरातही म्हणू लागले, तेव्हा घरच्यांना ते जरा जड गेलं.

त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. असल कागद रस्त्यावर काढायचा नाही. गाडीचं आरसी बुक मालकाच्या कपाटात राहतं आणि ड्रायव्हरजवळ झेरॉक्स असते, ही ट्रकवाल्यांची जुनी रीत. वामनरावांनी ती संसाराला लावली. घरातला प्रत्येक कागद लोखंडी कपाटात बंद आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेच्या करदोड्याला. अंघोळीलाही ती सुटायची नाही. त्याच कपाटात ठेवलेली साडी गोपिकाबाईंना हवी झाली, तर आधी नवरा शोधावा लागे.

कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक चित्र चिकटवलेलं होतं. गोदामातून मिळालेलं कधीकाळचं कॅलेंडर, त्यावर बर्फाचा पहाड. वर्ष संपल्यावर गोपिकाबाईंनी तारखा कापून पहाड तेवढा ठेवला होता. काटोलकडच्या सपाट वावरात वाढलेली बाई. टेकडीपेक्षा उंच काही तिने पाहिलं नव्हतं. "एकदा खराखुरा पाह्यचा आहे," असं ती म्हणायची. वामनराव "पाहू" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे.

शेवटी योग आला तो महादेवरावांमुळे. महादेवराव त्याच गोदामाचे मॅनेजर, वामनरावांचे जुने दोस्त. त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, सुमतीबाईंनी, नेपाळची सहल काढली आणि या दोघांना ओढलं. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून काठमांडू, तिथून पोखरा. पासपोर्ट चौघांतल्या एकाकडेही नव्हता. पण नेपाळला मतदान कार्ड चालतं. वामनराव लगेच म्हणाले, "कागदाचं मी पाह्यतो. तुमचेही कार्ड माह्याजवळ द्या."

पाहिलं त्यांनी. चारही कार्डांच्या रंगीत झेरॉक्स काढल्या, त्यांना लॅमिनेशन केलं, असल कार्डं कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. याबद्दल कोणाला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

नागपूर विमानतळावर आधार कार्डावर काम भागलं. एकच गोंधळ झाला. तपासणीच्या दारातून जाताना यंत्र वामनरावांच्या कमरेशी ओरडलं, आणि रांगेसमोर सदरा वर करून त्यांना करदोड्याची किल्ली काढून दाखवावी लागली. महादेवराव पोट धरून हसले. सुमतीबाईंनी तोंडाला पदर लावला.

दिल्लीच्या काउंटरवर मात्र कोणी हसलं नाही. तिथल्या मुलीने लॅमिनेशन केलेली कार्डं उलटीसुलटी पाहिली आणि ओरिजिनल मागितली. आधार पुढे केलं, तर या प्रवासाला ते चालत नाही म्हणाली. पुढची दहा मिनिटं वामनरावांनी तिला विनवलं. हात जोडले. शेवटी ती मान हलवून म्हणाली, "सर, पूरे कागज़ के बिना नहीं जा सकते." एकतीस वर्षांचं त्यांचंच वाक्य होतं ते.

"पण असल कार्डं कुठं आहेत?" महादेवरावांनी विचारलं.

आणि वामनरावांच्या तोंडातून निघून गेलं, "मी त असलच काढून ठेवले होते. हिनं बॅग भरताना झेरॉक्सचं पाकीट टाकलं."

लाज अशी की माणूस तिच्यापासून पळायला बघतो आणि जाऊन तिच्याच मांडीवर बसतो. गोपिकाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

सुनेला, मेघाला, फोन लावला. फोन गोपिकाबाईंच्या हातात होता. पलीकडून मेघाचा खणखणीत आवाज आला, "आई, कपाटाले त कुलूप आहे! किल्ली बाबांच्याच करदोड्याले असते न?"

महादेवराव आणि सुमतीबाई हातभर अंतरावर उभे होते.

"नाही वं," गोपिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "किल्ली माह्याजवळच राहिली. कुलूपवाल्याले बोलाव अन् तोडून घे."

तेवढ्या एका क्षणात वामनरावांना खरं बोलता आलं असतं. ते पाण्याची बाटली शोधू लागले.

विमान गेलं. मुलगा पियुष नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत कामाला. त्याचा सहकारी दुसऱ्या सकाळी दिल्लीला निघाला होता, त्याच्याबरोबर कार्डं आली. चौघं एक दिवस उशिरा निघाले. यंत्र पुन्हा ओरडू नये म्हणून वामनरावांनी किल्ली गुपचूप सामानाच्या बॅगेत टाकली, आणि पोखऱ्याला पोचल्यावर न्हाणीघरात कडी लावून परत करदोड्याला बांधली. सवय म्हणा की भीती.

वाटेत महादेवरावांनी मात्र पिच्छा सोडला नाही. चहा आला की, "वहिनी, असल आहे न, का झेरॉक्स?" हॉटेलची खोली उघडताना, "वहिनी, किल्ली तुमच्याजवळच असंन?" गोपिकाबाई आधी हसल्या, मग कसनुसं हसल्या, मग हसेनाशा झाल्या. दर वेळी वामनराव खिडकीबाहेर बघत.

पोखऱ्याला दोन दिवस ढग. उरली एकच सकाळ. पहाटे गाडी वरच्या टेकडीवर जाणार होती, तिथून पहाड दिसतो म्हणे. गोपिकाबाई उठल्याच नाहीत.

"तुम्ही जा. माह्यं डोकं दुखून राहिलं."

"अवं, पहाड पाह्याले त आलो आपण."

"गाडीत पुन्हा तेच आयकू का मी?" त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "जा तुम्ही."

वामनरावांनी तिथेच बसायला हवं होतं. ते गेले.

वर थंडीत लोक उभे होते. एकाएकी ढग फाटले आणि सगळे ओरडले. वामनरावांनी वर पाहिलं, काहीतरी पांढरं, मोठं होतं. पण त्यांच्या डोळ्यांना ते धरवेना. त्यांनी स्वेटर वर केला, करदोड्याची किल्ली ओढून महादेवरावांपुढे धरली.

"गोपिकेनं काही केलं नाही. झेरॉक्स मीच भरल्या. किल्लीही माह्याजवळच होती. मी खोटं बोललो, गा."

महादेवराव पहाडाकडेच बघत म्हणाले, "माहीत आहे. नागपूरच्या मशीननं सगळ्याइले दाखवली होती तुही किल्ली."

"मग बोलला काहून नाही?"

"तू बोलशीन म्हणून. तुले टोचून राहिलो होतो मी."

"अन् टोचलं त्या बिचारीले," सुमतीबाई कडाडल्या. "दोघंही सारखेच तुम्ही!"

महादेवरावांनी मान खाली घातली. वामनराव गाडीची वाट न पाहता पायीच उतरू लागले. मागून गाडीने गाठलं तेव्हा त्यांना धाप लागली होती. हॉटेलात पोचेपर्यंत ढग पुन्हा खाली आले होते, आणि दुपारी तर निघायचंच होतं.

गोपिकाबाई बॅग भरत होत्या. वामनराव दारातच उभे राहिले. "चुकलो मी," ते म्हणाले.

"मले काय सांगता? मले त माहीतच होतं. त्याइले सांगा."

"सांगितलं. आत्ता, वरतं."

गोपिकाबाईंनी घडी घातलेला सदरा बॅगेत ठेवला. "चार दिवस लागले," एवढंच म्हणाल्या. मग हात पुढे केला. "किल्ली द्या इकडे."

नागपूरला कपाटाला नवं कुलूप बसलं. जुन्या किल्लीचा आता काही उपयोग नाही, तरी गोपिकाबाईंनी ती परत दिली नाही. नवीही दिली नाही. दोन्ही त्यांच्या कमरेला असतात. वामनरावांना लाइट बिलाचा कागद लागला तरी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभं राहावं लागतं, आणि ते मुकाट्याने राहतात.

परवा पेन्शनच्या कागदासाठी त्यांनी असंच कपाट उघडून घेतलं. दार उघडताच आतला पहाड समोर आला. गोपिकाबाईंनी पदराने त्यावरची धूळ पुसली.

"असाच होता का, हो?"

वामनराव कागदांची चळत हातात घेऊन खूप वेळ चाळत राहिले.

"मी नीट पाह्यलाच नाही," ते म्हणाले. आणि हे मात्र खरं होतं.